खरकटा हात

तातेराव आला तेव्हा सत्यशीलाच्या तोंडात घास होता, आणि धोंड्याचा महिना चालू असल्यामुळे जेवताना तिचं मौन होतं. जालन्यातल्या मस्तगडातल्या घराची मधली खोली, खाली नवऱ्याचं, साहेबरावांचं, बियाण्याचं दुकान, वर पंख्याची घरघर. ताटात अर्धी भाकरी, मुगाची आमटी, चिमूटभर मीठ. तातेराव, पाइपावरच्या वरच्या गावचा सरपंच, दाराजवळच्या खुर्चीवर टेकला. त्याच्यामागे उंबऱ्यात योजनेचं पाणी सोडणारा कचरू उभा राहिला, हातात व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी. ती त्यानं खाली ठेवली नाही.

"जेवा ताई, जेवा. उठू नका," तातेराव म्हणाला. "मी आपला दोन मिनटं टेकतो. तर झालं असं, बोरवाडीवाल्यांनी परत पाइपाला मोटारी लावल्यात. कचरूनं डोळ्यानं पाहिलं. काय रे?"

"दोन दिसल्या," कचरू म्हणाला.

"दोन दिसल्या म्हणजे न दिसणाऱ्या किती! तर उद्याची त्यांची पाळी बंद ठेवायची आन् ते पाणी आमच्याकडं वळवायचं, असं सगळ्यांचं म्हणणं हे. घराघरात जावई येऊन बसलेत, ताई. धोंड्याचं जेवण म्हणलं की जावई आंघोळच दोनदा करतो. तुमची हरकत असल तर सांगा." मग तो हसला. "आरं, ताईंचं तर मौन हे. बरं, नुसती मान हलवा. न्हाई म्हणायचं असल तर हलवा. हो म्हणायचं असल तर चालू द्या जेवण."

तिनं मान हलवली नाही. पिंपळगावच्या रेणुकाईपुढे व्रत घेताना तिनं ते आपल्या हातानं जास्त कडक करून घेतलं होतं: बोलायचं नाही, खूणही करायची नाही, जेवण संपलं, हात धुतला, चूळ भरली, 'कृष्णार्पण' म्हटलं की मगच तोंड उघडायचं. साहेबरावांनी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हसत हसत सांगितलं होतं. म्हणजे तातेरावला ते माहीत असणार. किंवा नसणार. ती त्याच्याकडे बघत होती, घास गालात तसाच होता, आणि त्या गालातल्या घासाकडे बघून कुणालाही वाटावं की बाईचं जेवण चालू आहे.

"बराबर. मंग हरकत न्हाई," तातेराव उठत म्हणाला. देव्हाऱ्याकडे वळून त्यानं हात जोडले. "शनिवारची काळजी करू नका. मी हे." तो जिना उतरला. कचरू मात्र क्षणभर जास्त थांबला. त्यानं तिच्या तोंडाकडे नाही, हाताकडे पाहिलं, जणू तिथून काही निघेल. मग तोही गेला. चावी जिन्याच्या एकेका पायरीवर टेकत गेल्याचा आवाज खालपर्यंत आला.

तिनं घास गिळला. उरलेली भाकरी खाल्ली, कारण ताटात टाकायचं नाही हाही नेम होता. हात धुतला, चूळ भरली, कृष्णार्पण म्हटलं. आता बोलता येत होतं. मोबाइल फडताळावर होता. तातेरावची गाडी अजून गल्लीच्या तोंडाशीही पोचली नसेल. ती ताट घासायला बसली. ताट घासता घासता तिच्या मनात एकेक गोष्ट येत होती आणि प्रत्येक गोष्ट खरी होती. मोटारी लावणं चूकच. नियम सगळ्यांना सारखा. बोरवाडी तिचं माहेर. आता नको म्हटलं तर सगळे म्हणतील, बघा, माहेरचं गाव आलं की ताईंचा नियम वाकतो. पाळी उद्याची आहे, आज बंद झालं तरी आज काही बिघडत नाही. संध्याकाळी फोन करू. ताट घासून झालं तरी ती राख चोळतच राहिली. ताटात तिला स्वतःचं तोंड दिसत होतं, वाकडं, पसरट, मिटलेलं.

तिला मिटलेल्या तोंडानंच एवढं मोठं केलं होतं. सासरच्या गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि साहेबरावांनी तिचं नाव दिलं, तेव्हा गावात म्हणाले होते, सत्यशीलाबाई चालतील, त्या कुणाला काही बोलत न्हाईत. मग पंचायत समिती. मग शिखर समिती: एका धरणातून एका लांब पाइपानं कितीतरी गावांना पाणी जाणार, आणि कुणाला कधी, किती, काय दरानं, कुणाची लाईन तोडायची, कुणाची जोडायची, हे ठरवायला सरपंचांनी निवडून दिलेली माणसं. पहिल्याच बैठकीत टेबलावर मुठी आपटल्या गेल्या. एकानं पेल्यातलं पाणी दुसऱ्याच्या अंगावर फेकलं, आणि ते पाणी बाटलीतलं विकतचं होतं. ती कोपऱ्यात डोक्यावर पदर घेऊन बसली होती. सगळे दमले तेव्हा इंजिनिअरसाहेबांनी सहज विचारलं, मॅडमचं काय मत? ती म्हणाली, पंगतीत वाढताना मी शेवटच्या पानापासून सुरू करते. आधीची पानं ओरडून मागून घेतात. शेवटच्यापर्यंत आवाजही जात नाही आणि भातही. एवढंच बोलली आणि परत गप्प झाली. त्यांना ते पटलं की तिच्या मऊ आवाजापुढे भांडायला कुणाला जमलं नाही, देव जाणे. पण पाइपाच्या शेपटाच्या गावाला आधी, हा नियम झाला. शेपटाचं गाव बोरवाडी होतं, हे तेव्हा कुणी बोललं नाही, आणि तीही बोलली नाही.

मग ती समितीची अध्यक्ष झाली, पाणीवाली ताई झाली. भांडण पेटलं की लोक म्हणायचे, ताईंना बसवा मधात. ती बसायची. दोन्हीकडचे ओरडायचे, ती ऐकायची. तिच्या गप्प बसण्याला माणसं घाबरू लागली, आणि जो तो त्यात आपल्याला हवं ते ऐकू लागला. एकदा असं झालं की दोन गावांचे सरपंच तिच्याकडून उठून गेले आणि दोघांनीही आपापल्या गावात पेढे वाटले. साहेबराव पोट धरून हसले होते. "तू काहीच बोलली न्हाईस आन् दोघंबी जिंकून गेले! हे मला दुकानात जमलं तर गिऱ्हाइकाला बियाणं परत करायची सोय राहायची न्हाई." तीही हसली होती. त्या रात्री मात्र देवापुढे बसली असताना तिला उगीच वाटलं होतं, की कधीतरी असंच गप्प बसून आपल्या हातून काहीतरी होईल आणि ते आपण केलं की नाही हेसुद्धा आपल्याला कळणार नाही.

आणि आता शनिवार. राज्याच्या पाणी नियमन मंडळावर एक जागा होती, योजनांच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच एकाला निवडून पाठवायची. मुंबईत बसायचं, साऱ्या राज्याच्या पाण्याचे दर आणि पाळ्या ठरवायच्या. विभागात तिचं नाव पुढे होतं. मतं कुठून कशी यायची ते सगळं तातेराव बघत होता. ती कुणाला मत मागायला गेली नव्हती; तिच्या तोंडून ते निघालंच नसतं. व्रत घ्यायला रेणुकाईला गेली तेव्हा वंदनानं, तिच्या भाच्याच्या बायकोनं विचारलं होतं, "कशासाठी धरलं, आत्याबाई?" ती म्हणाली, पावसासाठी गं, दुसरं काय. पण देवीपुढे डोळे मिटले तेव्हा पाऊस डोळ्यांपुढे आला नाही. आली ती एक मोठी खोली, लांब टेबल, टेबलाशी तिची खुर्ची. तिनं ते देवीलाही शब्दात सांगितलं नाही. फक्त ती खोली दिसू दिली आणि कुंकू लावून घेतलं. देवीला न बोलता कळतं, असं तिनं धरून चाललं. तातेरावनंही मग तेच धरलं असेल तर?

संध्याकाळी तिनं फोन केला नाही. संध्याकाळी तिनं दीपदान केलं, पुरुषोत्तमाची पोथी वाचली, वाचता वाचता एकाच ओळीवर परत परत येत राहिली. साहेबरावांनी विचारलं, "तातेराव कशाला आल्ता?" ती म्हणाली, "पाळ्यांचं होतं." हे खोटं नव्हतं. सकाळी नळाला पाणी आलं, जालना शहराच्या नळाला, त्याचा योजनेशी संबंध नव्हता. तरी सूर्याला अर्घ्य देताना ओंजळ रिकामी व्हायच्या आधीच पाणी तिच्या पायावर सांडलं. थंड. आत काहीतरी खाली खाली सोडल्यासारखं वाटलं. दोरानं.

तो लहानपणचा दोर घायपाताचा होता. कमरेला काचू नये म्हणून आई, सोनूबाई, त्याच्या खाली घोंगडीची घडी ठेवायची, आणि ती घोंगडी मेंढरांच्या घामाची, तुपकट वासाची. वडील रखमाजी मेंढरं घेऊन बालाघाटाकडे उतरलेले असायचे. उन्हाळ्यात वाडीत फक्त बायका, म्हातारे आणि पोरं. विहीर आटली की तळाशी एका कपारीत झिरा असायचा. मोठ्या माणसाला तिथं बसायला जागा नव्हती, आणि मोठं माणूस सोडायला दोर पुरा पडायचा पण हात पुरे पडायचे नाहीत. म्हणून हलकी पोर. सत्यशीला हलकी होती. खाली पोचली की वरचं आभाळ भाकरीएवढं दिसायचं. कपारीशी वाटी धरायची, वाटी भरली की बादलीत ओतायची, परत धरायची. भीती वाटायची. पहिल्यांदा ती ओरडली होती, आये, वर घे. वरून आईचा आवाज आला होता, रागाचा नाही, कुजबुजल्यासारखा, पण विहिरीत कुजबुजही मोठी होऊन येते: "बोलू नको बाई. बोललं की झिरा लाजतो. गप बसलं की येतो बाहेर." आणि खरंच, ती गप्प बसली आणि पाणी आलं. थेंब जमत गेले, वाटी जड झाली. ओरडल्यानं कडेची माती सुटून अंगावर यायची, म्हणून आई तसं म्हणायची, हे तिला मोठेपणी कळलं. पण तोवर ते अंगात मुरलं होतं. माणसांच्या बैठकीत बसली तरी ती तशीच बसायची, हातात न दिसणारी वाटी धरून, गप्प, की समोरून काहीतरी झिरपेल. आणि झिरपायचं.

ही गोष्ट ती भाषणात सांगायची. तिचं एकच भाषण होतं आणि ते सगळ्यांना आवडायचं. मागच्या साली बोरवाडीच्या शाळेनं तिचा सत्कार केला तेव्हाही तिनं ती सांगितली. पहिल्या रांगेत छकुली बसली होती, वंदनाची मुलगी, दोन वेण्या घातलेली, तोंड उघडं टाकून ऐकणारी. आता वाडीत नळ आला, आता कुणाच्या पोरीला उतरावं लागत नाही, असं म्हणून ती भाषण संपवायची. टाळ्या व्हायच्या.

दुपारी तिनं ताट वाढून घेतलं. साहेबराव समोर बसून आधीच जेवले होते आणि दात कोरत वर्तमानपत्र बघत होते. तिनं नैवेद्य दाखवला, पहिला घास घेतला, मौन सुरू झालं. दुसरा घास आमटीत बुडवला तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. साहेबरावांनी उचलून बघितलं.

"वंदना हे. उचलू का?" तिनं काही केलं नाही. "खूण पण न्हाई, अवघड हे बुवा," असं म्हणत त्यांनी उचलला आणि मोठ्या आवाजावर टाकला. "बोल वंदना, तुझी आत्याबाई जेवून राह्यली, पण कान उघडे हेत."

"मामाजी, काई न्हाई, सहज केल्ता," वंदनाचा आवाज आला. मागे बायकांचा गलका होता, कळशीवर कळशी आपटत होती. "आज नळ आला न्हाई ना. कचरूभाऊ म्हणला, शिखर समितीनं बंद केला, ताईंनीच हो म्हणलं. आमचे सासरे म्हणले, आक्कानं केलं म्हणजे इचार करूनच केलं असल, कुणी काई बोलू नका. मोटार आमच्या घराला न्हाई, आत्याबाई, तुमची शप्पथ. त्या खालच्या आळीतल्यांच्या हेत, त्यांना मी चांगलं बोलले. आन् तुम्ही काळजी करू नका. आम्ही हिरीवर आलोत. झिरा हे अजून. छकुलीला सोडली आत, लै हलकी हे, बराबर बसती कपारीत. अजाबात रडली न्हाई. तुमच्यावाणीच हे, बघा."

शेवटचं वाक्य तिनं कौतुकानं म्हटलं होतं. सत्यशीलानं घास ताटात ठेवला. ताटावरून उठू नये, अन्नाचा अपमान होतो; ती आयुष्यात ताटावरून उठली नव्हती, सासू गेल्याचा निरोप आला तेव्हाही तिनं भाताचं शेवटचं शीत वेचलं होतं. ती उठली. साहेबराव तोंडाकडे बघत राहिले. ती जिन्याकडे निघाली, उजवा हात अंगापासून दूर धरून, बोटांना आमटी आणि भाकरीचा चुरा लागलेला.

"आगं, हात तर धू!"

तिनं धुतला नाही. हात धुतला असता तर जेवण संपलं असतं, जेवण संपलं असतं तर बोलता आलं असतं, आणि मग तिला बोलावं लागलं असतं. हे तिला जिन्यात असताना इतकं स्वच्छ कळलं की तिनं कठड्याला धरलं, डाव्या हातानं.

साहेबरावांनी दुकान पोराठोरांवर न टाकता सरळ कुलूप लावलं आणि गाडी काढली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर खूण लागत नाही. राजूरच्या रस्त्याला लागल्यावर त्यांना राहवेना. दोघांपैकी कुणीतरी बोलायला पाहिजे असं त्यांना नेहमीच वाटे. "मी सांगू का तुला? तातेराव मुद्दाम जेवणाच्या टायमाला आल्ता. त्याला म्हाइती होतं. मीच सांगितलं व्हतं ना मागं, च्यायला, माझंच तोंड." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "आन् जेवण झाल्यावर तू फोन का न्हाई केला?" तिनं खिडकीबाहेर बघितलं. नांगरलेली काळी रानं, ढेकळं, बांधावर एखादं बाभळीचं झाड आणि त्याच्या सावलीपुरती मेंढरं, एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून. "बरं, राहू दे," ते म्हणाले. "तुला शनिवार पाहिजे. पाहिजे तर पाहिजे, त्यात काय वंगाळ हे? मला बी वाटतं तू मुंबईला जावी. मी पण येईन, समुद्रकिनारी बी विकीन." ते स्वतःच हसले आणि स्वतःच थांबले.

राजूरच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेऊन तातेरावला फोन लावला. "दाजी, माझ्यावर काय रागवता?" पलीकडून मोकळं हसू आलं, मागे ताटं मांडल्याचा आवाज. "ताईंच्या समोर बसून इचारलं. ताईंनी हो म्हणलं. आता ताईच म्हणाल्या न्हाई, तर मी आत्ताच्या आत्ता उघडतो. पण त्यांनी म्हणावं. मंग मला शनिवारी लोकांना तोंड द्यायचं हे, की ताई काल एक म्हणल्या, आज एक. अशा बाईला मुंबईला कोण धाडतं? द्या ना त्यांना फोन. का अजून जेवूनच राह्यल्यात?"

साहेबरावांनी फोन तिच्यापुढे धरला. फोनचा लहानसा प्रकाशाचा चौकोन तिच्या तोंडापाशी. मांडीवर पालथा ठेवलेला हात आता कोरडा होत आला होता. आमटी बोटांची कातडी ओढून धरत होती, लहानपणी चिखल सुकल्यावर धरायची तशी. एक शब्द. तो शब्द घशाशी होताही. पण तोंड उघडलं असतं तर धोंड्याचा सारा महिना तिथंच सांडला असता, पहाटेची स्नानं, दिवे, पोथीचे अध्याय, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी तिनं कुणाला न दाखवता ठेवलेली ती लांब टेबलाची खोली. तिला वाटलं, विहिरीशी गेल्यावर बघू. आधी पोरीला वर काढू. पोर वर आली की सगळंच निभेल, न बोलता निभेल. तिनं मान वळवली. साहेबरावांनी फोन ठेवला. ते रागावले नाहीत; फक्त गाडी जास्त जोरात चालवू लागले, आणि ते तिला रागावण्यापेक्षा वाईट वाटलं.

बोरवाडीच्या विहिरीवर बायका दोराला लागल्या होत्या. वंदना पुढे, पदर खोचलेला, तळहाताला फडकं गुंडाळलेलं. सत्यशीलाला बघून तिचा चेहरा उजळला. "आत्याबाई! या उन्हात कशाला आलात? बघा, तुमच्या माहेरी पाणी मिळंल का न्हाई म्हणून भेलात काय!" बायका हसल्या. मग हसू हळूहळू गेलं, कारण तिचा हात त्यांनी पाहिला. ताटावरून उठून आलेल्या बाईचा हात. एकीनं न सांगता कळशीतलं पाणी पेल्यात घेऊन तिच्यापुढे केलं, हात धुवायला. गढूळ, मातकट, कपारीतून वाटी वाटीनं वर आलेलं. सत्यशीलानं ते घेतलं नाही.

ती कठड्याशी गेली आणि वाकली. आधी नुसता गारवा लागला, आणि वास, ओल्या मातीचा, शेवाळाचा. मग तळाशी दोन वेण्यांचा भांग दिसला. छकुली कपारीशी उकिडवी बसली होती, कमरेला दोर, दोराखाली घडी घातलेलं पोतं. वाटी धरलेली. हात हलत नव्हता, पापणी हलत नसणार. तिच्या पाठीमागून, कडेच्या मातीतून, एक खडा सुटला आणि खाली टपकला. पोरीनं अंग चोरलं, पण आवाज केला नाही. दुसरा सुटला. सत्यशीलाला आपल्या मानेवर ती माती लागली, लहानपणच्या झग्याच्या आत, ओलसर, इतक्या वर्षांनी.

"वर घ्या तिला," ती म्हणाली.

आवाज फुटलाच नाही नीट. तरी साहेबरावांनी दचकून तिच्याकडे पाहिलं.

"घेते ना, आत्याबाई. बादली भरू द्या," वंदना म्हणाली. "आर्ध्यात वर काढली तर परत सोडावी लागंल. घरात गोठा हे, म्हाताऱ्या हेत. आज न्हाई तर उद्या बी न्हाई म्हणून राह्यले पाणी. उद्या परत उतरावंच लागंल की."

खाली छकुलीनं वर बघितलं. भाकरीएवढ्या आभाळात तिला एक डोकं दिसलं असेल, पदर, नथ. तिनं ओळखलं. तिचे दात चमकले. मग तिनं वाटी नसलेला हात उचलला आणि ओठांवर बोट ठेवलं. गप. शाळेच्या सत्कारात जालन्याच्या आजीनं शिकवलं होतं तसं.

सत्यशीलानं हात पुढे केला. साहेबरावांनी फोन दिला. तिची बोटं काचेवर फिरली पण फोन जागा होईना, आमटीचा कोरडा पापुद्रा मधे येत होता. ती परत परत दाबत राहिली, काचेवर पिवळट ओरखडे उठले. साहेबरावांनी तो तिच्या हातातच धरून लावून दिला. पलीकडे घंटी वाजली. पंगतीचा गलबला आला, कुणीतरी जावयाला आग्रह करत होतं.

"हा, दाजी."

"मी बोलते."

पलीकडचा गलबला दूर गेला. तो उठून बाजूला आला असावा.

"तातेराव, बोरवाडीचं पाणी सोडा. मी न्हाई म्हणते. काल न्हाई म्हणायचं होतं, जेवण झाल्यावर म्हणायला पाहिजे होतं, मी म्हटलं न्हाई. तुम्ही लोकांना सांगा, ताईंनी फिरवलं. माहेरासाठी फिरवलं म्हणा, पाहिजे ते म्हणा. शनिवारचं तुमचं तुम्ही बघा. पाणी सोडा, कचरूला आत्ता सांगा." आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला माहीत नव्हतं. बायका दोर धरून थिजल्या होत्या.

पलीकडून काही आलं नाही. फोन चालू होता. तातेरावचा श्वास ऐकू येत होता, मागे पंगत चालू होती. तो गप्प होता. त्या गप्प बसण्यात हो होतं, किंवा नाही होतं, किंवा शनिवारपर्यंत बघू होतं. त्यात ऐकणाऱ्याला जे पाहिजे ते ऐकू आलं असतं. तिला त्याची एकेक बाजू ठाऊक होती. त्यावरच ती इतकी वर्षं जगली होती. पण त्याच्या या टोकाला उभं राहिलं की काय वाटतं, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

"तातेराव, गप बसू नका. हो म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा."

"आजी!" खालून छकुलीचा आवाज आला, रडवेला, रागावलेला, विहिरीनं मोठा केलेला. "हळू ना! लाजला बघ झिरा. येतच न्हाई आता!"

सत्यशीलानं तिच्याकडे पाहिलं, फोन तसाच कानाशी. तिनं आवाज खाली आणला नाही. डाव्या हातानं तिनं वंदनाच्या पुढचा दोर घट्ट धरला, आणि उजवा, खरकटा हात तसाच राहिला.

"बोला," ती ओरडली, आणि विहिरीनं तो शब्द खालून तिच्याकडे परत पाठवला.